भिंतीकडचे नवरदेव

माळवाडी, रहिमतपूरजवळ
९ फेब्रुवारी २०२५

चांदबी,

हे पत्र शाझिया तुला वाचून दाखवेल. तुला मराठी बोलता येतं तितकं वाचता येत नाही, आणि मला तुझ्याशी फोनवर बोलणं जमत नाही. दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा शाझियाच बोलली. "मावशी, अम्मी झोपल्यात." त्यातल्या एका वेळी सकाळचे नऊ वाजले होते. पहाटे चारला उठणारी बाई नऊला झोपलेली आहे म्हणून सांगते. तुझ्या लेकीला अजून खोटं बोलता येत नाही, याचं मला बरंच वाटलं.

इकडे सगळं ठीक. म्हैस पौषात व्यायली, रेडकू आहे. तुझ्या दोन्ही खोल्या मी पंधरा दिवसांनी उघडून झाडते. बादशहाभाईंनी लावलेल्या शेवग्याला यंदा इतक्या शेंगा आल्या की मी गल्लीत वाटल्या. ह्यांना जाऊन सात महिने झाले. शौनक शिरवळहून दर रविवारी येतो, जेवतो, फोन बघतो आणि जातो.

लिहायचं कारण वेगळं आहे. कोंडीबा वाचनालयातली शेतीची जुनी मासिकं रद्दीत घालत होते. मी दोन पोती उचलून आणली. ते म्हणाले, "आवं काकू, आता किलोवर वाचायला लागला काय?" रोज दुपारी एक मासिक वाचते. सातवी झालेल्या बाईला त्यातलं निम्मं कळतं. निम्मं दुसऱ्यांदा वाचल्यावर कळतं.

त्यात एक लेख सापडला. शाझिया तेव्हा सांगलीत होती, तिला नीट कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते.

शाझिया, आम्ही बायका कंपनीसाठी टोमॅटोचं बी करायचो. मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. संध्याकाळी मादीची कळी चिमट्यानं सोलायची, आतली पिवळी नळी काढून टाकायची. सकाळी तिला नराची पावडर लावायची. पावडर म्हणजे पराग. ती करायचं काम चौदा वर्षं तुझ्या अम्मीकडे होतं. पहाटे नराची फुलं खुडायची, बल्बखाली सुकवायची, मलमलीतून गाळायची आणि प्रत्येकीच्या अंगठीतल्या वाटीत चिमूटभर घालायची. बाकीच्या बायकांच्या अंगठ्या कंपनीच्या, प्लास्टिकच्या. तुझ्या अम्मीची तेवढी पितळेची. तुझ्या अब्बांनी कल्हईच्या कामातून वेळ काढून घडवलेली.

गेल्या वर्षी आमच्या रानातला प्लॉट आधी चांगला होता. पण रोज्यांच्या शेवटच्या दहा दिवसांत लावलेली फळं फसली. बाहेरून लाल, टपोरी. कापल्यावर आत नुसता गर, बी आठ-दहा. गावानं तुझ्या अम्मीच्या हाताला दोष दिला. मग आजूबाजूच्या कुठल्याच प्लॉटवर तिला कुणी बोलावलं नाही, आणि गणपतीनंतर ती तुझ्याकडे आली.

तर तो लेख. फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी कळी ज्वारीच्या दाण्याएवढी असते. तेव्हा तिच्या पोटात पराग तयार होत असतो. त्या दिवसांत ऊन फार झालं आणि रात्रीही गारवा आला नाही, तर पराग आतल्या आत पोकळ राहतो. कळी पुढे वाढते. फूल उमलतं, पिवळंधमक दिसतं. बघणाऱ्याला काही कळत नाही.

चांदबी, म्हणजे तू फुलं खुडलीस त्याच्या आधीच ती पावडर मेलेली होती. तुझ्या हातात ती मेली नाही. एवढं कळवायचं होतं.

तुझी अंगठी माझ्याकडे आहे, खुंटीला दोऱ्यात लटकवून ठेवली आहे. आपल्या प्लॉटवरच्या रेश्माच्या बोटात ती बसते, ती मागते आहे. देऊ का, ते कळव.

पद्मा


माळवाडी
२ मार्च २०२५

चांदबी,

आजपासून तुझे रोजे सुरू. काल संध्याकाळी मशिदीकडे पोरांचा गलका ऐकला, चंद्र दिसला असणार. मीही अंगणात जाऊन पाहिला.

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी एक उद्योग केला आहे. संक्रांतीला टोमॅटोची रोपं लावली. कंपनीचं बी नाही, ते एकेक मोजून परत नेतात. रहिमतपूरच्या बाजारातलं साधं बी आहे. मध्ये मादीच्या दोन ओळी, आणि नराची बारा झाडं एका जागी, बारा दुसऱ्या जागी. जागा कुठल्या ते नंतर लिहीन. शौनकला सांगून दुसरा तापमापक मागवला. त्यानं विचारलं, आई, कशाला. मी म्हटलं, तुझ्या बाबांची वही पुढं चालवते. ह्यांची वही तुला आठवत असेल. शंभर पानी, निळी. सकाळी खाटेवर बसून रात्र किती, दिवस किती ते लिहायचे. शेवटी शेवटी चालवत नव्हतं, तरी काठी टेकत तापमापकापाशी जायचे.

कंपनीच्या अवधूतला फोन केला. कळीतला पराग उन्हानं मरतो हे खरं का, असं विचारलं. तो म्हणाला, "हो काकू, हे तर आम्हाला कॉलेजातच शिकवतात." मी म्हटलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "मी तेच विचारणार होतो, नर कुठं लावलेत, रात्री किती तापत होतं. पण तुम्हीच म्हणालात ना काकू, रोजे होते म्हणून."

मी फोन ठेवला.

गेल्या पत्रात मी लिहिलं की गावानं तुला दोष दिला. गावाच्या आधी मी दिला. हे शाझियासमोर लिहिताना हात थांबतो आहे, पण तिनं तुझ्याकडून ऐकलं नसेल तर माझ्याकडून ऐकावं. तू तिला सांगितलं नसशील असं मला का कोण जाणे वाटतं.

शाझिया, मे महिन्यात अवधूत पोतं अंथरून फळं कापत होता. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. तुझे गंगाधरकाका खाटेवर. वीसेक फळं कापून झाली, तरी बी मूठभरसुद्धा झालं नाही. पावडर कुणाची, असं त्यानं विचारलं. कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "रोज्यात माणसाचं ध्यान कुठं असतंय. रातभर जागायचं, दिवसा उपाशी. बल्ब जवळ राहिला असंल, झोप लागली असंल."

मी हे तुझ्या अम्मीकडे बघून बोलले नाही. अवधूतकडे बघून बोलले.

तिनं खाटेकडे एकदा बघितलं. मग बोटातली अंगठी काढून पोत्यावर ठेवली, चिमटा ठेवला, पदर खोचला आणि बांधावरून गेली. मला वाटलं, संध्याकाळी येईल आणि भांडेल. तिच्याशी माझी चौदा वर्षांत चाळीस भांडणं झाली असतील, एकही दुसऱ्या दिवशी टिकलं नाही. ती भांडायला आली नाही, तेव्हा मी घाबरले.

रेश्मानं अंगठी पुन्हा मागितली. मी म्हटलं, विचारलंय.

पद्मा


माळवाडी
३१ मार्च २०२५

चांदबी,

ईद मुबारक.

काल पाडवा, आज ईद. गेल्या वर्षी दोन दिवसांचं अंतर होतं. पाडव्याचं श्रीखंड तुझ्याकडे गेलं होतं आणि तुझा शिरखुर्मा ह्यांनी डॉक्टरांनी नको सांगितलेला असताना दोन वाट्या खाल्ला होता. तू दारात उभी राहून म्हणालीस, "खाऊ द्या वो, खारका मी मोजून टाकल्यात, शेवया मोजल्या न्हाईत." ते हसले तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली होती.

यंदा मी शिरखुर्मा केला. केला म्हणजे दुधात शेवया आणि खारका शिजवल्या. तुझ्यासारखा होत नाही, आटतच नाही. वाटीभर खाल्ला आणि उरलेला रेश्माच्या पोरांना दिला.

आता प्लॉटचं सांगते. माझ्या नराच्या कळ्या आज ज्वारीच्या दाण्याएवढ्या आहेत. म्हणजे हेच ते दिवस. ह्या आठवड्यात जे होईल ते नऊ-दहा दिवसांनी कळेल, आणि खरं तर फळ कापेपर्यंत कळणारच नाही. मी पहाटे उठून दोन्ही तापमापक बघते. एका जागी रात्री एकवीस होतं. दुसऱ्या जागी सव्वीसच्या खाली उतरतच नाही. मधे चाळीस पावलांचं अंतर असेल. दोन्हीकडची झाडं सारखीच हिरवी. पहाटे मी दोन्हीकडच्या कळ्यांना बोट लावते. मला काही फरक कळत नाही. तुला कळला असता. गेल्या वर्षी तुलाच कळला होता. पावडर नखावर घेऊन फुंकर मारलीस आणि म्हणालीस, "पद्मा, ही उडत न्हाई. जड झालीया." मी घाईत होते, ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी म्हटलं, दमट असंल, लाव तशीच.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

पहाटे प्लॉटवर एकटं बरं वाटत नाही. आपण दोघी असायचो तेव्हा काम निम्मं आणि बोलणं दुप्पट. तू फुलं खुडताना नराच्या ओळीला नवरदेव म्हणायचीस. एकेक फूल खुडून म्हणायचीस, चला, तुमची वरात निघाली. बादशहाभाई गेले त्या वर्षी तू महिनाभर तसं म्हणाली नाहीस. मग एका सकाळी म्हणालीस आणि मी मान खाली घालून कळ्या सोलत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि तुला ते दाखवायचं नव्हतं. विधवा झाल्यावर माणसानं कधी हसावं हे मी तुझ्याकडूनच बघितलं होतं. मला वाटायचं, माझ्यावर वेळ आली तर तू असशीलच.

ह्यांचं झालं त्या दिवशी तू आली होतीस. लिंबाखाली बायकांच्या मागे उभी होतीस. मी बघितलं. नजर काढून घेतली ती मीच.

पद्मा


माळवाडी
२० एप्रिल २०२५

चांदबी,

हे तुला आधीच कळलं असेल, नसेल तर सांगते. मंगळवारी मी सांगलीला आले होते.

सहाच्या सुमारास गाडी मिळाली. पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या आणि ह्यांची वही. शंभरफुटी रस्त्यावर रिक्षावाल्याला पत्ता दाखवला, त्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं. तू पहिल्या मजल्यावर गॅलरीत बसून मेथी निवडत होतीस. चष्मा लागला आहे तुला. काळ्या काड्यांचा. देठं खाली टाकण्यापूर्वी चिमटीत धरून बघत होतीस, तशीच, चिमट्यात कळी धरावी तशी.

समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर मी बसले. दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे, मावशी?" मी म्हटलं, काही नाही, दम लागलाय. त्यानं पाणी दिलं. अर्धा तास झाला असेल. तुझी नात आतून आली, तिनं तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तू मेथीच्या हातानंच तिच्या केसांतून हात फिरवलास. मग दोघी आत गेलात.

मी वर आले नाही. पायऱ्या चढून दार वाजवणं काही अवघड नव्हतं. पण दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरत नव्हतं. माफ कर म्हटलं की तू म्हणणार, जाऊ दे, आत ये, चहा घे. तू तशीच आहेस. मग सगळं तिथंच मिटायचं, आणि गावात तुझ्या हाताचं नाव तसंच राहायचं. प्लॉटवर सगळ्यांसमोर बोललेलं तुझ्या स्वयंपाकघरात हळूच परत घेता येणार नाही.

शेंगा त्या दुकानदाराला दिल्या. तो खुळ्यासारखा बघत राहिला.

लागवड झाली आहे. रेश्मा संध्याकाळी कळ्या सोलायला येते. आपल्यात लागवड झालेल्या फुलाची दोन हिरवी पानं कात्रीनं छाटून खूण करतात, तशीच केली. फक्त एका जागेची पावडर लावली तिथे दोन पानं छाटली, दुसऱ्या जागेची लावली तिथे एकच. रेश्मा म्हणाली, "काकू, दोन नवऱ्यांचा संसार मांडलाय जनू." मला तुझी आठवण आली. तू असतीस तर ह्यावर काहीतरी चावट बोलली असतीस.

पद्मा


माळवाडी
१८ मे २०२५

चांदबी,

हे पत्र लांबेल. शाझिया, बाळा, हे मोठ्यानं वाच. मध्ये थांबू नकोस, आणि अम्मीनं पुरे म्हटलं तरी शेवटपर्यंत वाच.

आज सकाळी मी फळं कापली. गेल्या वर्षी ज्या बायका उभ्या होत्या, त्या सगळ्यांना बोलावलं होतं. उत्कर्षा, रेश्मा, खालच्या आळीतल्या तिघी. अवधूतलाही बोलावलं, तो आला. शेजारच्या रानात धुळा मेंढरं घेऊन बसला होता, तो न बोलावता आला. तेच पोतं अंथरलं.

आधी दोन पानं छाटलेली फळं घेतली. सात बिया. अकरा. चार. एकात तर दोनच, त्याही चपट्या. मग एक पान छाटलेली. शहाण्णव. एकशे वीस. एकशे आठ. बी धुऊन कपड्यावर पसरलं. बायका एकदा ह्या ढिगाकडे आणि एकदा त्या ढिगाकडे बघत राहिल्या.

मी सांगितलं, हात एकच, माझा. चिमटा एक, बल्ब एक, दिवस तेच, माझा एकही रोजा नव्हता. दोन पानांच्या फळांना गोठ्याच्या भिंतीकडच्या नराची पावडर होती. एका पानाच्या फळांना विहिरीकडच्या नराची.

धुळा म्हणाला, "आवं काकू, यात काय नवीन हाय. मेंढा उन्हानं तापला तर त्या म्हैन्यात मेंढ्या गाभण ऱ्हात न्हाईत. मला विचारलं असतं तर चहावर सांगितलं असतं." उत्कर्षा म्हणाली, "म्हंजे आपन तिला उगाच..." आठवडाभर घरोघरी जाऊन सांगणारी तीच होती. पण तिला बोलायला मीच दिलं होतं.

आता मी तुझ्यापासून लपवलेलं सांगते.

मासिकात वाचून मला हे कळलं असं मी लिहिलं. मासिकं मी पौषात वाचली. त्याच्या आधी दिवाळीत ह्यांचं कपाट आवरताना ती निळी वही वाचली होती. नुसते आकडे असतील असं मला वाटायचं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका पानावर आकड्यांच्या खाली लिहिलेलं आहे. आज ते मी पोत्यापाशी उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. जसंच्या तसं उतरवते.

"नर गोठ्याच्या भिंतीकडे लावले. चांदबी हसत म्हणाली, भाऊ, ही काळ्या दगडाची भित रातभर ऊन वकती, नवरदेव भाजतील आणि मग पोरं कशी व्हायची. विहिरीकडं लावा. मी म्हणालो, विहीर खाटेवरून दिसत नाही. यंदा मला दिसू देत. ती म्हणाली, बरं, ऱ्हाऊ द्या."

चांदबी, त्या वेळी मी तिथंच होते. नवरदेव भाजतील म्हणालीस तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. तू सांगत होतीस हे ऐकलंच नाही.

आणि मेच्या पानावर, तू अंगठी ठेवून गेलीस त्या दिवशी, तापमानाच्या खाली दोन ओळी आहेत. "चांदबीचा दोष नाही. मी बोललो नाही." अक्षर वाकडं आहे. त्यानंतर ते दोन महिने होते. रोज माझ्या हातानं जेवायचे, रोज त्या वहीत आकडे लिहायचे. मला एका शब्दानं सांगितलं नाही. वाचल्यावर चार दिवस मी त्यांच्या फोटोला फूल घातलं नाही. पाचव्या दिवशी घातलं. मेलेल्या माणसाशी अबोला किती दिवस धरायचा? त्यांना ती झाडं खाटेवरून बघायची होती. ते त्यांचं शेवटचं पीक होतं, हे त्यांना कळलं होतं, तुला कळलं होतं, आणि मला तेवढं कळलं नव्हतं.

त्या दिवशी तू खाटेकडे बघितलंस. मला दिवाळीपर्यंत वाटत होतं, तू ह्यांच्याकडून आधार मागत होतीस आणि तो मिळाला नाही म्हणून गेलीस. वही वाचल्यावर तो क्षण मी किती वेळा आठवला असेल. तू आधार मागत नव्हतीस. "नर भिंतीला कुणी लावले ते विचारा," एवढं एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. समोर छातीत हवा न मावणारा माणूस बसला होता, म्हणून तू ते बोलली नाहीस. त्याच्या बायकोनं तुझ्या रोज्यावर बोट ठेवलं, तरी बोलली नाहीस.

मला हे दिवाळीपासून माहीत आहे आणि मी तुला फेब्रुवारीत उन्हाचं आणि कळीचं लिहिलं. ह्यांचं नाव मध्ये आणायचं नव्हतं. ते गेलेले, त्यांना कशाला, असं मनाशी म्हणत होते. तूही त्या दिवशी मनात तेच म्हणाली असणार, त्यांना कशाला. फरक एवढाच की तुझ्या तसं म्हणण्यात तुझं नाव गेलं, आणि माझ्या म्हणण्यात माझं काहीच गेलं नाही.

वाचून झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की रोज्याचं मी बोलले होते, मला काही माहीत नसताना बोलले होते, आणि पावडर जड आहे हे चांदबीनं आधी मला सांगितलं होतं. अवधूतनं वहीचं ते पान मागून घेतलं, मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, वर कळवतो, चांदबीकाकूंचं नाव यादीत पुन्हा घालतो. मी म्हटलं, तू घाल. ती येईल का नाही ते तिचं ती बघेल.

दुपारी सगळ्या गेल्यावर मी गोठ्याच्या भिंतीला हात लावला. संध्याकाळी जेवल्यावर लावला. आत्ता झोपायच्या आधी लावला. गरमच होती.

तुला यायला मी सांगत नाही. सांगायचा हक्क मी घालवला. पण पहाटे फुलं खुडताना शेजारी कुणी नसतं, आणि मला अजून सवय झालेली नाही. ह्यांच्या नसण्याची झाली. थोडी थोडी होते आहे. तुझ्या नसण्याची होत नाही, कारण तू आहेस.

लिफाफ्यात विहिरीकडचं बी घातलं आहे. शाझियाच्या गच्चीवर कुंडीत लाव. भिंतीपासून लांब.

अंगठीचं तू काही कळवलं नाहीस. रेश्मा चांगली पोरगी आहे, हात हलका आहे. एखादी वस्तू खुंटीला राहून काळी पडण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात असावी. जूनअखेर तिला देऊन टाकते.

पद्मा


माळवाडी
९ जून २०२५

चांदबी,

तुझा भाचा अश्फाक बकरी ईदला गावी आला होता. काल परत जायच्या आधी माझ्याकडे आला. चहा घेतला, रेडकू बघितलं, पावसाचं बोलला, उसाचं बोलला. दारात जाऊन चप्पल घातली आणि पुन्हा काढली.

म्हणाला, "काकू, खालानं एक निरोप दिलाय. तेवढाच सांग म्हणाली, जादा काय बोलू नको म्हणाली."

मी म्हटलं, सांग.

"अंगठी रेश्माला देऊ नको म्हणावं."

मी त्याला विचारलं, आणखी काही म्हणाली का. तो म्हणाला, "न्हाई. बी कुंडीत लावलंय, उगवलंय. पर ते सांग म्हणून ती म्हणाली न्हाई, ते मी सांगतोय."

रोपं कार्तिकात टाकायची आहेत. नर विहिरीकडे लावणार आहे. अवधूतनं विचारलं, पावडर कोण करणार, नाव लिहायचंय. मी म्हटलं, ती जागा सध्या कोरी ठेव.

रेश्माला कंपनीची प्लास्टिकची मागवली.

तुझी चिंचेनं घासून ठेवली आहे.

पद्मा